देवळालीचा ताप : दारू, मेंदू आणि 'ठरवणं'

(देवळाली कॅम्प येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. वक्त्यांच्या बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आपल्या गावाचं नाव इंग्रजी शब्दकोशात आहे, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. 'डूलॅली' असा तो शब्द. अर्थ काय, तर डोकं फिरलेला, भ्रमिष्ट. ब्रिटिशांनी १८६१ साली इथे छावणी उभारली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्याआधी इथे येऊन थांबायचे. त्यांना नेणारी जहाजं हिवाळ्याच्या मोसमातच सुटायची. ज्याची मुदत मोसम उलटल्यावर संपली, तो महिनोन् महिने इथेच अडकून पडायचा. हाताला काम नाही, घर समोर दिसतंय पण जाता येत नाही. अशात काहींचं डोकं फिरायचं. शिपायांच्या बोलीत त्याला नाव पडलं 'डूलॅली टॅप'. त्यातला 'टॅप' म्हणजे दुसरं काही नाही, आपला ताप. देवळालीचा ताप.

या तापाची कारणं सांगताना ऊन, मलेरिया, कंटाळा आणि दारू ही चार नावं बहुधा एकत्र येतात. पुढे हेच गाव कोरड्या हवेसाठी प्रसिद्ध झालं, मुंबईची माणसं हवापालटाला इथल्या सॅनिटोरियममध्ये येऊन राहू लागली. मलेरियाचंही पुष्कळसं निभावलं. आज मला बोलायचंय ते चौथ्या कारणाबद्दल. ते काही गेलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा तत्त्वज्ञानाचा मास्तर, याचा दारूशी आणि मेंदूशी काय संबंध? बरोबर आहे. माझ्या नावाआधी जे 'डॉ.' लागतं त्याने कोणाला साधी क्रोसिनही लिहून देता येत नाही. पण दारू पिणाऱ्या माणसाबद्दल आपण घराघरांत एक वाक्य बोलतो. 'त्याने मनात आणलं ना, तर आज सोडेल.' हे वाक्य वैद्यकातलं नाही, तत्त्वज्ञानातलं आहे. 'मनात आणणं' म्हणजे काय? कोण आणतं? कशाच्या बळावर आणतं? त्याचं उत्तर शोधायला मला डॉक्टरांची पुस्तकं वाचावी लागली. दुसरंही एक कारण आहे, ते घरचं आहे. ते पुढे सांगतो.

आधी एक हिशेब करू. जास्त पिणं म्हणजे किती पिणं? बाटलीवर टक्के लिहिलेले असतात. व्हिस्की, रम यांत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. एक क्वार्टर १८० मिलिलिटरची. म्हणजे तिच्यात शुद्ध अल्कोहोल सुमारे ७७ मिलिलिटर, वजनात साधारण ६० ग्रॅम. आता जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या पाहा. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल पोटात गेलं तर ती अतिमद्यपानाची बैठक. म्हणजे आपल्याकडे 'एक क्वार्टर तर घेतो बिचारा' म्हणून ज्याला सोडून देतात, तो रोज अतिमद्यपान करत असतो. मध्यम वयात आठवड्याला १६८ ग्रॅमच्या वर अल्कोहोल घेणं हे पुढे डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होण्याच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धरलं जातं. तीन क्वार्टरना ती रेषा ओलांडली जाते.

नाशिकचा माणूस इथे वाइनचा मुद्दा काढणारच. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय झाला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य राज्यभर गाजलं. राजकारण बाजूला ठेवू. मेंदूला द्राक्ष कळत नाही, मळी कळत नाही, मोह कळत नाही. रक्तातून त्याच्यापर्यंत पोचतो तो रेणू एकच, इथेनॉल. फरक फक्त किती आणि किती वर्षं, एवढाच.

हा रेणू मेंदूत करतो काय? एक ऐकीव गोष्ट आधी खोडून टाकतो. 'एका पेगमागे लाखो पेशी मरतात' असं सांगतात, ते तसं नाही. काही भागांत पेशी मरतात हे खरं, पण बरीचशी हानी पेशींना जोडणाऱ्या तारांची होते. मेंदूचा पांढरा भाग म्हणजे या तारांचे जुडगे. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्या मेंदूच्या चित्रांत हा भाग आक्रसलेला दिसतो, मधल्या पोकळ्या रुंदावलेल्या दिसतात. सगळ्यात जास्त झळ लागते ती कपाळामागच्या भागाला. लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्यालाही लागते. तो तोल सांभाळतो. म्हणून काही जुने पिणारे न पिताही पाय फाकवून, चाचपडत चालतात. लोक म्हणतात, सकाळीच लावून आलाय. त्याने त्या दिवशी थेंबही घेतलेला नसतो.

पण कपाळामागचा भाग काय करतो ते नीट ऐका, कारण आजचं सगळं व्याख्यान त्यावर उभं आहे. उद्याचा विचार करून आजचा हात आवरणं, दोन गोष्टी तोलून पाहणं, चुकलं तर ओळखणं, ठरवलेलं तडीस नेणं, ही त्याची कामं. म्हणजे ज्याला आपण 'मनात आणणं' म्हणतो, त्याचं हत्यारच ते. आणि दारू नेमकं तेच हत्यार बोथट करते. ज्या विहिरीतून पाणी काढून आग विझवायची, आग त्या विहिरीच्या रहाटालाच लागलेली असते.

आता दुसरी गोष्ट. सवय लागणं म्हणजे काय? मेंदूत काही रसायनं ब्रेकचं काम करतात आणि काही ॲक्सिलरेटरचं. गाबा हा ब्रेक, ग्लुटामेट हा ॲक्सिलरेटर. दारू ब्रेकवर पाय देते आणि ॲक्सिलरेटर सैल करते, म्हणून बरं वाटतं, सैल वाटतं. पण मेंदू काही मूर्ख नाही. रोज कोणी ब्रेक दाबून धरतंय म्हटल्यावर तो स्वतःचे ब्रेक कमी करतो आणि ॲक्सिलरेटर वाढवतो. आता अशा माणसाची दारू एका रात्रीत बंद झाली तर काय होईल? गाडी सुसाट सुटेल. काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप जाते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलावताना दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो.

हे मी मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे दारू सोडवायची रीत कोणती? देवापुढे शपथ, गळ्यात माळ, नाहीतर खोलीत कोंडणं. माळेबद्दल मला आदर आहे. माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिलेली आहेत. पण रोज भरपूर पिणाऱ्याने माळेबरोबर डॉक्टरही गाठला पाहिजे. तिसऱ्या दिवशी तो बडबडायला लागला की घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली, आणि भगताकडे नेतात. किंवा 'बघा, दारूसाठी नाटक करतोय' म्हणतात. बाधा नसते, नाटकही नसतं. ब्रेक नसलेला मेंदू असतो. यावर साधी, माहितीतली औषधं आहेत. आठवडाभराचं काम असतं.

तिसरी गोष्ट जीवनसत्त्वाची. १८८१ साली कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी तीन रुग्णांचं वर्णन केलं. तिघांचं भान हरपलेलं, डोळे नीट हलत नव्हते, चालताना तोल जात होता. तिघंही दगावले. दोघे दारुडे होते. तिसरी शिवणकाम करणारी एक तरुण मुलगी. तिने दारू नाही, सल्फ्युरिक ॲसिड घेतलं होतं, आणि त्यानंतर तिच्या पोटात अन्न टिकत नव्हतं. म्हणजे दारूशिवायही हा आजार झाला. का, ते तेव्हा कोणाला कळलं नाही, कारण जीवनसत्त्व ही कल्पनाच जन्मली नव्हती. आज कळतं. थायमिन, म्हणजे बी-१, संपलं की हे होतं. मेंदू साखरेवर चालतो आणि ती साखर वापरायला बी-१ लागतं. शरीरात याचा साठा थोडा, काही आठवडे पुरेल एवढाच. पिणारा माणूस जेवत नाही, रात्री तसाच झोपतो, आणि जे खातो त्यातलं बी-१ दारू आतड्यातून नीट शोषू देत नाही.

वेर्निकेंच्या मागोमाग मॉस्कोच्या सर्गेई कोर्साकोव्ह यांनी पुढची अवस्था मांडली. यात माणूस बोलतो छान, जुन्या गोष्टी सांगतो, पण नवं काही मेंदूत उमटतच नाही. दहा मिनिटांपूर्वी कोण भेटलं ते गेलेलं असतं. आणि ती रिकामी जागा मेंदू आपोआप भरतो, कशानेही. त्याला कॉन्फॅब्युलेशन म्हणतात. मी त्याला 'पोकळी भरणं' म्हणतो. सांगणाऱ्याला ते खरंच वाटत असतं.

आता घरची गोष्ट सांगतो.

माझा थोरला भाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठा. माझी कॉलेजची फी त्याने भरली. रोज संध्याकाळी घ्यायचा. कधी रस्त्यात पडला नाही, कधी वहिनींवर हात उचलला नाही. त्यामुळे आम्ही म्हणायचो, दादा घेतो, पण सांभाळून घेतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आठवडाभर उलट्या, अन्न जात नव्हतं, म्हणून दवाखान्यात ठेवला. डॉक्टरांनी विचारलं, 'काही सवयी?' वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, 'नाही, तसं काही नाही.' मी प्राध्यापक. गावात विद्यार्थी, डॉक्टरही ओळखीचे. अब्रूचा प्रश्न होता.

ग्लुकोजचं सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी दादाचे हात थरथरायला लागले. अंगावर मुंग्या चढताहेत म्हणून तो चादर झटकत राहिला. तापामुळे असेल असं वाटलं. मग डोळे विचित्र हलायला लागले, उभं राहता येईना. शेवटी पाचव्या दिवशी वहिनींनीच, मला न विचारता, डॉक्टरांना खरं सांगितलं. लगेच बी-१ ची इंजेक्शनं सुरू झाली. डोळे सुधारले. चालणं बरंचसं परत आलं. आठवण परत आली नाही.

जाणकार डॉक्टर पिणाऱ्या माणसाला ग्लुकोज देण्याआधी किंवा त्याच्याबरोबर बी-१ देतात. कारण ग्लुकोज वापरताना उरलंसुरलं बी-१ही खर्च होतं. त्या सलाईनमुळेच सगळं झालं असं मी म्हणत नाही, डॉक्टरांकडे तर बोट दाखवायचा मला अधिकारच नाही. त्यांनी योग्य तो प्रश्न विचारला होता. खोटं उत्तर मी दिलं होतं.

पुढचं ऐका. दादा घरी आला. एकदा सकाळी मी विचारलं, आज काय केलंस? म्हणाला, 'पहाटेच्या एसटीने त्र्यंबकला जाऊन आलो. गर्दी होती रे.' दादा बिछान्यातून उठलाही नव्हता. मी चिडलो. म्हणालो, 'दादा, आता खोटंही बोलायला लागलास?' तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्याला खरोखर कळेना की मी का चिडलोय. हे खोटं नसून पोकळी भरणं आहे, हे मला काही महिन्यांनी एका मानसोपचारतज्ज्ञांनी समजावलं. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. आमच्या घरात खोटं बोललेला माणूस एकच होता, आणि तो मी होतो.

म्हणून मी तत्त्वज्ञानाकडे पुन्हा वळलो. ॲरिस्टॉटलने दारुड्याचा प्रश्न फार पूर्वी हाताळलाय. तो म्हणतो, दगड हातात असतो तोवर टाकायचा की नाही हे तुझ्या हाती. एकदा सुटला की परत बोलावता येत नाही. पण म्हणून जबाबदारी टळत नाही, कारण सोडला तूच. बेताल जगून आजारी पडलेल्या माणसालाही तो हाच न्याय लावतो. वर्गात हे मी वीस-पंचवीस वर्षं शिकवलं आणि मला ते अगदी चोख वाटायचं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही एक उतरंड आहे. विषयांच्या ध्यासापासून निघालेला माणूस पायरी पायरीने खाली येतो, आणि बुद्धी जाण्याच्या अगदी आधीची पायरी आहे स्मृती जाण्याची. दादाकडे पाहून मला ती पायरी पहिल्यांदा समजली.

पण ॲरिस्टॉटलच्या दगडाशी माझं भांडण आहे. पहिला प्याला माणूस स्वतः उचलतो, हे मान्य. पुढचीही काही वर्षं जबाबदारी त्याचीच, हेही मान्य. मात्र ज्या प्रमाणात त्याचं ठरवण्याचं हत्यार बोथट होतं, त्या प्रमाणात ती जबाबदारी सरकत सरकत आजूबाजूच्यांकडे येते. हवेतला दगड कोणी झेलू शकत नाही. माणूस झेलता येतो. 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. शंभर वर्षं आपण सुधाकरला पाहतोय. तो सोडायचं ठरवतो, आणि पुन्हा प्यायला लागतो. आपण प्रेक्षागृहात हळहळतो आणि घरी येऊन म्हणतो, मनात आणलं असतं तर सुटली असती.

दुसरं भांडण जास्त आनंदाचं आहे. मेंदू दगडासारखा नाही, तो भरून येतो. दारू पूर्ण थांबली की आक्रसलेला भाग काही आठवड्यांत भरायला लागतो आणि महिनोन् महिने सुधारत राहतो. सगळं परत येतंच असं नाही. वय, जेवण, किती वर्षं घेतली, यावर ते अवलंबून. कोर्साकोव्हच्या अवस्थेत गेलेले काही बरेच सुधारतात, काही थोडे, काही तिथेच राहतात. पण त्या टोकाला न पोचलेल्यांची संख्या फार मोठी आहे, आणि त्यांच्या हातात पुष्कळ काही आहे. म्हणून व्यसनमुक्ती केंद्रात काही आठवडे ठेवतात. पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६ पासून हे काम करतंय. ते आठवडे शिक्षेचे नसतात. पहिल्या दिवशी ज्याला धड विचार करता येत नाही, त्याच्याकडून आयुष्याचा निर्णय कसा मागायचा? आधी त्याचा मेंदू त्याला परत द्यायचा, मग विचारायचं, बाबा, काय ठरवतोस? आणि तेव्हाही एका दिवसापुरतंच ठरवायचं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांमध्ये हीच शिकवण असते, आजचा एक दिवस. दुबळ्या झालेल्या हत्याराला पेलेल एवढंच ओझं.

आकडा एकच देतो. २०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात, आणि त्यांपैकी ५.७ कोटींना मदतीची गरज आहे. म्हणजे दर तिघांत एकाहून थोडे जास्तच. या सभागृहात असं घर नाही असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू नये.

(व्याख्यानानंतर एका भगिनींनी विचारलं, 'सर, आमच्याकडे म्हणतात, उद्यापासून बंद. ते रोज घेतात. मी उद्या काय करू?')

ताई, फार बरं झालं विचारलंत. उद्या एकटं बंद करू देऊ नका. आधी डॉक्टरांकडे जा आणि खरा आकडा सांगा. किती, किती वर्षं, शेवटचा घोट कधी घेतला. आधी कधी सोडताना फिट आली असेल, भ्रम झाला असेल, तर तेही सांगा. अशा माणसाला बहुतेक दवाखान्यातच ठेवून सोडवावं लागतं. बी-१ बद्दल तुम्हीच विचारा, यात डॉक्टरांचा अपमान नाही. थरथर वाढली, फिट आली, असंबद्ध बोलायला लागले, डोळे किंवा चाल बिघडली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. घरात जेवण चालू ठेवा, भांडणाच्या दिवशीही. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी हेल्पलाइन क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि ते काही विसरले, भलतंच सांगायला लागले, तर 'खोटारडे' म्हणू नका. आधी तपासून घ्या. मी म्हणालो होतो. दादा पुढे नऊ वर्षं जगला. त्याला ते वाक्य दहा मिनिटांत विसरता आलं. मला अजून आलेलं नाही.